पाय बेटावर कापला, ताप बहुधा नाशिकहूनच गेला होता

हे प्रकरण नमुना म्हणून जुळवलेलं आहे. त्यातला मुलगा कल्पित आहे. जखम, ताप, तपासण्या आणि बोटींचा हिशेब मात्र जसा असतो तसाच ठेवला आहे.

मुलगा चोवीस वर्षांचा, राहणार सिडको. हरिहर, अंजनेरी, रामशेज पावसात चढलेला, त्यामुळे खरचटणं, सोलवटणं याचं त्याला काही वाटत नाही. १ ऑक्टोबरच्या रात्री तो नाशिकहून निघाला आणि मुंबई-चेन्नई करत २ तारखेला अंदमानात उतरला. विमानतळाला नाव आहे भगूरच्या सावरकरांचं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाच्या खटल्यानंतर, १९११ मध्ये, सावरकरांना अंदमानात जहाजातून उतरवलं होतं. ‘काळं पाणी’ हा शब्द नाशिकच्या घरांमध्ये अजून जुन्या अर्थाने निघतो. निघताना आईनेही तो काढलाच. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉकचं २०१८ पासून स्वराज द्वीप. बोलताना लोक जुनीच नावं घेतात, तिकिटांवर आणि सरकारी कागदांवर नवी दिसतात. दवाखान्याचे कागद हाताळताना दोन्ही माहीत असलेली बरी.

३ तारखेला तो बोटीने हॅवलॉकला पोचला. आठ दिवस राहायचं, डॉर्मिटरीतली खाट, भाड्याची स्कूटी आणि १० तारखेला एक स्कूबा डाइव्ह, असा बेत होता.

५ ऑक्टोबर: पायाला ‘थोडं लागलं’

एलिफंट बीचला बोटीने जाता येतं, तसं जंगलातल्या पायवाटेनेही. पावसानंतर ती वाट घोटाभर चिखलाची होते. हा चालत गेला. ओहोटी होती. गुडघाभर पाण्यात स्नॉर्केलिंग करताना तोल गेला आणि डावा पाय प्रवाळावर घासला. घोट्याखाली, बाहेरच्या बाजूला, चार सेंटिमीटरची वेडीवाकडी चीर आणि भोवती सोलवटलेली कातडी. रक्त पाच मिनिटांत थांबलं. त्याने समुद्राच्या पाण्याने पाय धुतला, रुमाल बांधला आणि त्याच चिखलातून परत आला. संध्याकाळी पिवळं मलम आणि वर पट्टी.

इथे सह्याद्रीची सवय नडली. करवंदीचा काटा किंवा कातळाची धार कापते आणि बाजूला होते. प्रवाळ चुन्याचा असतो आणि त्यावर सजीव, बुळबुळीत थर असतो. घासताना चुन्याचे बारीक कण आणि तो थर दोन्ही जखमेत शिरतात. कण आत राहिले की जखम वरून मिटते आणि आतून धुमसत राहते. जोडीला समुद्राच्या पाण्यातले जंतू, त्यात व्हिब्रिओ गटातलेही असतात, आणि परतीच्या वाटेवरचा चिखल.

धुण्याची योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणून ती कुणी करत नाही. प्यायच्या पाण्याची एक लिटरची बाटली घ्यायची आणि २० मिलीच्या, सुई न लावलेल्या सिरिंजने जोराचा फवारा मारत ती सगळी जखमेवर संपवायची. मग साबण आणि स्वच्छ गॉज घेऊन जखम घासायची. हे दुखतं, आणि इथेच लोक थांबतात. दिसणारे कण चिमट्याने काढायचे, पुन्हा फवारा मारायचा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन आणि सैल पट्टी. जखमेच्या कडा टेपने किंवा गोंदाने जवळ ओढायच्या नाहीत, कारण घाण आत कोंडली जाते. पट्टी दिवसातून दोनदा बदलायची. जखम मिटेपर्यंत समुद्रात पाय घालायचा नाही. ‘खारं पाणी जखमेला चांगलं’ हे घरी मीठ घालून उकळलेल्या पाण्याबद्दल ठीक आहे, किनाऱ्यावरच्या पाण्याबद्दल नाही.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही हिशेब करायला हवा होता. सरकारी वेळापत्रकात शेवटचा डोस सोळाव्या वर्षी असतो. म्हणजे याला आठ वर्षं झाली होती. स्वच्छ जखमेला दहा वर्षांपर्यंत चालतं. मळलेल्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा डोस लागतो. हॅवलॉकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो त्याच संध्याकाळी मिळाला असता. स्कूटी दाराशी उभी होती.

६ आणि ७ ऑक्टोबर: तापाला कारण आयतं मिळालं

६ तारखेला जखमेभोवती लाली आणि ठणका. दुखणं थांबावं म्हणून त्याने आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिवसातून तीनदा सुरू केली. ७ तारखेला सकाळी थंडी वाजून १०२ ताप, डोकं आणि डोळ्यांमागे दुखणं, कंबर धरलेली. व्हॉट्सॲपवर जखमेचा फोटो घरी गेला. पंचवटीत औषधांचं दुकान असलेल्या मामांचा लगेच फोन आला: “अरे, पायात पू धरला की ताप येणारच. अँटिबायोटिक चालू कर, दोन दिवसांत उतरेल.” आई म्हणाली, “तिथलं पाणी बाधलं तुला.” दोघांची काळजी खरी होती. निष्कर्ष मात्र दोघांचेही घाईचे होते.

मामांचं म्हणणं पटण्यासारखं होतं, धोका त्यातच होता. डोळ्यांना दिसणारी जखम असली की तापाचं दुसरं कारण कुणी शोधत नाही. पण या तापात काही गोष्टी जुळत नव्हत्या. चार सेंटिमीटरच्या जखमेभोवती दोन बोटं लाली, जांघेत गाठ नाही, पायावर वर चढणारी लाल रेघ नाही, आणि ताप मात्र १०२. डोळ्यांमागचं दुखणं आणि मोडून आलेलं अंग हे पायाच्या जखमेचं लक्षण नव्हे, ते डेंग्यूकडे बोट दाखवतं.

यावर फुकटची आणि चांगली चाचणी आहे: बॉलपेन. लालीच्या कडेने रेघ ओढायची, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. ७ तारखेला सकाळी ९ वाजता ओढलेल्या रेघेबाहेर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकली होती. ताप मात्र १०३ वर गेला होता. जखम जागच्या जागी आणि ताप चढता, तेव्हा दोघांचं मूळ वेगळं असण्याची शक्यता धरायलाच हवी. उलट, लाली तासातासाला पसरते आहे, जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त आहेत, जांभळे फोड येत आहेत किंवा भाग बधिर होतो आहे, असं दिसलं तर रेघा मारत बसायचं नाही. तो व्हिब्रिओसारखा वेगवान संसर्ग असू शकतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना तो काही तासांत गाठतो.

तापासाठी त्याने ६५० मिग्रॅची पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून चारदा घेतली. आधीची एकत्र गोळी चालूच होती आणि तिच्यात प्रत्येकी ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल. बेरीज: चार गुणिले ६५० म्हणजे २,६००, तीन गुणिले ३२५ म्हणजे ९७५. एकूण ३,५७५ मिग्रॅ. आजारी माणसाने दिवसाला ३,००० च्या आत राहावं. पण इथली मोठी चूक आयबुप्रोफेनची. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही नको. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि प्लेटलेट उतरतात तेव्हा तो अंगावर येतो. तापाचं कारण कळेपर्यंत फक्त साधं पॅरासिटामॉल, तेही दोन डोसांत किमान सहा तास ठेवून.

जलसंजीवनीतही घोळ झाला. एक लिटर पाण्याची पुडी त्याने एका ग्लासात ढवळून प्यायली. इतकं खारट-गोड पाणी पोटात पाणी ओढून आणतं आणि मळमळ वाढवतं. एक लिटरची पुडी साडेवीस ग्रॅमची, २०० मिलीची सुमारे सव्वाचार ग्रॅमची. दुकानात दोन्ही मिळतात, पुडीवरची ओळ वाचावी लागते.

८ ऑक्टोबर, दुपारी तीन

सगळ्या प्रकरणात हा तास महत्त्वाचा. तापाचा दुसरा दिवस, दोनदा उलटी, पोटात वरच्या बाजूला दुखतंय. “आज झोपतो, उद्या सकाळी बघू,” असं त्याने ठरवलं. नाशिकमध्ये हे वाक्य चालून जातं. सिडकोतून रात्री दोनला निघालं तरी जिल्हा रुग्णालय रिक्षाने अर्ध्या तासात येतं. बेटावर ‘उद्या सकाळी’ म्हणजे मधले पंधरा-अठरा तास बाहेर पडायची वाट बंद.

कारणं साधी आहेत. हॅवलॉक ते श्री विजयपुरम ५०-६० किलोमीटर समुद्र. खासगी वेगवान बोटीला दीड-दोन तास, सरकारी बोटीला अडीचच्या आसपास. शेवटच्या बोटी दुपारनंतर सुटतात, रात्री प्रवासी बोट नाही. शिवाय घड्याळ नाशिकचंच असलं तरी सूर्य नाशिकचा नाही. हॅवलॉक नाशिकच्या पूर्वेला सुमारे एकोणीस अंश रेखांशावर आहे, म्हणजे सूर्य सव्वा तास आधी मावळतो. ऑक्टोबरात सव्वापाच-साडेपाचला अंधार पडू लागतो. हेलिकॉप्टरची सेवा आहे, पण आसनं मोजकी, उड्डाण दिवसाउजेडी आणि हवेवर अवलंबून. रुग्णाला प्राधान्य मिळतं, तेही डॉक्टरांच्या पत्रावर. हवामान बिघडलं तर हे सगळंच थांबतं. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं होतं.

म्हणून बेटावर ‘दवाखान्यात जायचं का’ हा प्रश्न दुपारी बारालाच सोडवायचा, रात्रीची प्रकृती डोळ्यांसमोर धरून. सतत उलट्या, पोटात दुखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल टिपके, गुंगी, सहा तास लघवी नाही: यांतलं एक जरी असलं तरी त्याच दिवसाची बोट. याच्याकडे तीनला दोन लक्षणं होती. रात्री नऊनंतर आणखी तीन उलट्या झाल्या. डॉर्मिटरीतल्या पोरांनी रात्रभर नारळपाणी घोट-घोट पाजलं. तेवढंच उपयोगी पडलं.

सल्ला फोनवरही मिळाला असता. चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल ऑगस्ट २०२० पासून चालू आहे, ती स्वराज द्वीपालाही जोडते. सरकारी ई-संजीवनीवर दिवसा डॉक्टर भेटतात. मामांना फोटो पाठवता आला, तर डॉक्टरांनाही पाठवता आला असता.

९ ते १४ ऑक्टोबर

९ तारखेला सकाळी आरोग्य केंद्रात जखम नीट उघडून धुतली, धनुर्वाताचा डोस दिला, मलेरियाची झटपट चाचणी केली. ती निगेटिव्ह आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तपेढी नसते आणि याला आता रोज रक्त तपासावं लागणार होतं. डॉक्टरांनी पत्र दिलं, सकाळच्या बोटीत आसन मिळालं. बोट लागू नये म्हणून सोबत्याने गोळी पुढे केली, ती डॉक्टरांनी नको म्हटलं. त्या गोळीने झोप येते, आणि डेंग्यूची गुंगी कुठली आणि गोळीची कुठली हे मग ओळखता येत नाही.

श्री विजयपुरमच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात पहिल्या रिपोर्टमध्येच गाठ सुटली. पांढऱ्या पेशी ३,१००. पायातल्या पुवाने एवढा ताप आणला असता तर त्या बारा-पंधरा हजारांवर गेल्या असत्या. त्या उतरल्या होत्या, म्हणजे विषाणू. डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आली. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत हीच चाचणी कामाची; आयजीएम हे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रतिपिंड साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. आधीच आयजीएम करून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणून निर्धास्त होणारे बरेच असतात.

जखमेसाठी डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन आणि डॉक्सिसायक्लिन दिलं. समुद्रातल्या जखमेला ही जोडी नेहमीची. डॉक्सिसायक्लिन व्हिब्रिओवर चालतं, शिवाय लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफसवरही, आणि अंदमानात हे दोन्ही आहेत. लेप्टोचे जंतू जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून शिरतात, म्हणून शंका घ्यायला चिखलातली चाल पुरेशी होती. पण तो ताप सहसा पाच ते चौदा दिवसांनी येतो. इथे चिखलापासून तापापर्यंत दोनच दिवस गेले होते. असल्या ठिकाणी रुग्णाने दिलेल्या तारखा एखाद्या चाचणीइतक्या मोलाच्या ठरतात. कधी, कुठल्या पाण्यात, किती वेळ, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवलेलं असलं की डॉक्टरांची निम्मी चौकशी वाचते.

पुढचे आकडे असे. १० तारखेला प्लेटलेट ८८,०००, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, ४२ वरून ४५. ११ तारखेला सकाळी ताप उतरला आणि घरच्यांनी फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनी त्याच सकाळपासून दर दोन तासांनी रक्तदाब घ्यायला सांगितलं. डेंग्यूची अवघड वेळ ताप उतरताना सुरू होते आणि एक-दोन दिवस टिकते: रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं. त्या दिवशी प्लेटलेट ४६,०००, हिमॅटोक्रिट ४८, रक्तदाब १००/७८. वरच्या-खालच्या आकड्यांत २२ चा फरक. तो २० किंवा त्याखाली आला की धोक्याची घंटा, वरचा आकडा कितीही बरा दिसो. हिमॅटोक्रिट वीस टक्क्यांनी वाढून ५० च्या पुढे गेलं असतं तर चित्र वेगळं झालं असतं. सलाईन बेताने, तासाचा हिशेब ठेवून दिलं. या आजारात जास्त सलाईनही छातीत पाणी भरतं.

नाशिकमध्ये तोवर प्लेटलेट देणारे चार मित्र तयार झाले होते आणि एकाने पपईच्या पानांच्या गोळ्या कुरिअरही केल्या होत्या. प्लेटलेट द्यायची वेळ आलीच नाही. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या सहसा देत नाहीत. घरचे प्लेटलेटचा आकडा धरून बसतात, डॉक्टरांचं लक्ष हिमॅटोक्रिट, रक्तदाब आणि लघवीवर असतं. १२ ला ३९,०००, १३ ला ५८,०००, १४ ला ९६,०००. औषधाविना ४८ तास ताप नाही, प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर आणि चढत्या, सलाईनशिवाय हिमॅटोक्रिट स्थिर, भूक लागलेली: या अटींवर १४ ला घरी सोडलं. दोन दिवस लॉजवर पाय उशीवर ठेवून पडून राहिला. १६ च्या विमानासाठी डिस्चार्ज कार्ड आणि प्रवासास हरकत नसल्याचं पत्र हातात होतं. स्कूबा डाइव्ह अर्थातच रद्द. उघड्या जखमेने आणि आजारातून उठल्या-उठल्या पाण्याखाली जायचं नसतंच.

मच्छरदाणीही सगळ्यांच्या ध्यानातून सुटली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तापाच्या दिवसांत रुग्णाचं रक्त पिऊन पुढच्याला आजार देतो. ७ आणि ८ तारखेला हा दुपारभर डॉर्मिटरीत उघडा झोपला होता. मच्छरदाणी भिंतीच्या खिळ्याला गुंडाळलेली होती.

डास कुठला?

डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप येईपर्यंत सहसा चार ते दहा दिवस जातात. ताप ७ ऑक्टोबरला. मागे मोजलं तर चावा २७ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबरच्या दरम्यानचा. या सातांपैकी पाच दिवस तो सिडकोतल्या घरात होता, एक प्रवासात आणि श्री विजयपुरममध्ये, शेवटचा हॅवलॉकला पोचण्याचा. सप्टेंबरअखेर म्हणजे नाशिकमध्येही डेंग्यूचे दिवस. तेव्हा तिथलं पाणी बाधण्यापेक्षा इथलं साठवलेलं पाणी बाधलं असण्याची शक्यता जास्त.

रिपोर्ट कळवल्यावर महापालिकेच्या मलेरिया विभागाचा कर्मचारी घरी आला. गच्चीवरचा ड्रम झाकलेला होता, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढला तर त्यात दोन बोटं पाणी आणि वळवळणाऱ्या अळ्या. त्यावरून काही सिद्ध होत नाही, तो ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा होता. पण आईने काळ्या पाण्याचा विषय त्यानंतर काढला नाही. डॉक्टरांनी बजावलं ते वेगळंच: डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला म्हणजे सुटका नाही, दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. थकवा तीन आठवडे राहिला. अंजनेरीचा बेत दोनदा पुढे गेला.

नोव्हेंबर

जखम वरून भरली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी वाटाण्याएवढी टणक, जांभळट गाठ आली. ताप नाही, फारसं दुखणं नाही, पण बुटाला घासायची. पहिल्या दवाखान्यात भोवरी समजून मलम दिलं, कारण समुद्राचा उल्लेख याने केलाच नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी विचारल्यावर सगळं निघालं. अशा वेळी दोनच मोठ्या शक्यता: आत राहिलेला प्रवाळाचा कण, किंवा मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जंतूचा पाण्यातला चुलतभाऊ. तो काही आठवड्यांनी असाच सावकाश डोकं वर काढतो.

प्रवाळ चुन्याचं असल्याने क्ष-किरणात दिसू शकतं, आणि दिसलं. जागा बधिर करून पंधरा मिनिटांत काढलं: तांदळाच्या कणीएवढा, खडबडीत, पांढरा तुकडा. भोवतालचा मांसाचा भाग दोन बाटल्यांत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तो फॉर्मलिनमध्ये, जंतू वाढवून बघायचा तो निर्जंतुक सलाईनमध्ये. फॉर्मलिनमध्ये पडलेला जंतू पुन्हा वाढत नाही. आणि हा जंतू शरीराच्या ३७ अंशांपेक्षा ३० ते ३२ अंशांना वाढतो. प्रयोगशाळेला ते ठाऊक नसेल तर नेहमीच्या उबेत काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. म्हणून तपासणीच्या अर्जावर डॉक्टरांनी लाल पेनाने तीन गोष्टी लिहिल्या: समुद्रातली जखम, प्रवाळ, ५ ऑक्टोबर. रिपोर्टला सहा आठवडे लागतील असं सांगितलं.